वाटणीत गेलेला डोळा

आमच्या औरंगपुऱ्यातल्या दोन खोल्यांत माणसं तीन होती आणि रेडिओ एक, पण निम्मं घर त्या रेडिओचं होतं. मी, माझे वडील म्हणजे अण्णा, आणि आई, जिला आमच्या बाजूला बाई म्हणतात. रेडिओ शिसवी लाकडाचा, अंगानं इतका भरलेला की कपाटावर बसवला त्या दिवशी कपाटानं सुस्कारा टाकला आणि तो खालच्या बिऱ्हाडात ऐकू गेला. बाईचं म्हणणं, हे कपाट दरसाल बोटभर खाली जातंय, अजून काही वर्षांनी आपण आणि खालचे एकाच पंगतीला बसू. रेडिओवर बाईनं विणलेला पांढरा रुमाल असे. दर रविवारी अण्णा स्टुलावर चढायचे, रुमाल काढायचे, धोतराच्या जुन्या तुकड्यानं लाकूड पुसायचे, काचेवर तोंडाची वाफ सोडून काच पुसायचे, काडीला कापूस गुंडाळून बटणांच्या खाचेतली धूळ काढायचे आणि रुमाल घालून खाली उतरायचे. लावायचे मात्र नाहीत. कुणी नवखा पाहुणा म्हणाला, "जरा लावा की," तर अण्णा म्हणत, "तो बोलत नाही." लोक घरातल्या अंथरुणावरच्या माणसाबद्दल सांगतात त्या सुरात ते हे सांगत. विचारणाराही मग आवाज खाली आणून चहा प्यायचा.

रेडिओ मूळचा चितेगावचा, आमच्या घरचा. आजोबांनी तो निजामाच्या वेळच्या एका तहसीलदाराकडून आणला. कसा आणला याच्या घरात तीन कथा होत्या. एकीत आजोबांनी बैलजोडी दिली. दुसरीत तहसीलदाराच्या अडलेल्या म्हशीला त्यांनी सोडवलं. तिसरी कथा माझी आहे आणि तिच्यात वाघ आहे, म्हणून ती इथं लिहीत नाही. एवढं खरं की तो बैलगाडीत कडब्यावर बसून आला आणि गावात वीज यायच्या चार वर्षं आधी आला. चार वर्षं तो देवळीशेजारी मुक्यानं बसून होता. वाट बघायची सवय त्याला तेव्हापासूनची.

वीज आली आणि त्याच्या काचेच्या वरच्या अंगाला बोराएवढा हिरवा डोळा उघडला. रेडिओ तापला की डोळा हळूहळू उजळायचा. सुई इकडंतिकडं असली की त्यात काळी फट दिसायची. ती नेमकी ठिकाणावर आली की फट मांजराच्या बाहुलीसारखी आवळून यायची. आजोबा बटण फिरवत आणि सगळ्यांना गप्प करत. "आधी त्याला दिसू द्या," ते म्हणत, "मग तो बोलंल." झालं. घरादाराची आणि पाठोपाठ अर्ध्या गावाची खात्री पटली की रेडिओ त्या डोळ्यानं मुंबई-हैदराबादकडं बघतो आणि दिसतं ते आपल्याला सांगतो. बायका त्याच्यासमोरून जाताना पदर सावरायच्या. एक म्हातारा तर अंगात सदरा नसला की ओसरीवर यायचा नाही.

आजोबा गेले, वर्षश्राद्ध झालं आणि वाटणी निघाली. थोरले माझे काका, त्यांना सगळे तात्या म्हणत, ते शेतीत. धाकटे अण्णा, शहरात कचेरीत कारकून. आमच्याकडची रीत अशी की थोरल्यानं वाटे घालायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. म्हणजे घालणारा हात आपोआप सरळ राहतो. तात्यांनी एका बाजूला तांब्याचा बंब आणि शिलाई मशीन मांडलं, दुसऱ्या बाजूला रेडिओ. त्यांना वाटलं, शहरात राहणारा भाऊ बंब उचलेल. अण्णांनी रेडिओवर हात ठेवला. तात्या दर संध्याकाळी गुरं बांधून त्या रेडिओपुढं बसणारे. ते एवढंच म्हणाले, "हितंच राहू दे. तू येत जा ऐकायला." त्यावर अण्णा चार पंचांदेखत जे बोलले, ते त्यांनी पुढं जन्मभर गिळायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "तात्या, तुला नुसता आवाज लागतो. बोलणं मला कळतं."

तात्या उठले. रेडिओ भिंतीपासून ओढला, मागचा पुठ्ठा सोडवला, आत हात घातला आणि तो हिरवा डोळा उपटून बाहेर काढला. खांद्यावरच्या उपरण्यात गुंडाळला. "माझा तुकडा मी घेतो," म्हणाले आणि मळ्याकडं गेले. त्या दिवसानंतर सात वर्षं दोघा भावांत अक्षर नाही. आणि सात वर्षं अण्णांनी रेडिओ लावला नाही. डोळा नाही म्हणजे आवाज नाही, हे आमच्या घरात इतकं पक्कं होतं की वायर खोचून बघावी असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. गेलेल्या माणसाला चहा घेणार का म्हणून कुणी विचारतं का?

मी अकरावीत असताना चितेगावहून दूध घालायला येणाऱ्या गणपतनं एका सकाळी दारातच बातमी टाकली. "बाई, तुमच्या जाऊबाई रेडिओवर येणार. लोक आलते मशीन घिऊन. जात्यावरच्या ओव्या भरून नेल्या त्येंनी. पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी, दुपारी साडेबाराला."

अण्णा जेवायला बसले होते. येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. घास हातातच राहिला. गणपत जिच्याबद्दल सांगत होता ती तात्यांची बायको, माझी मोठीआई. आजी गेली तेव्हा अण्णा दोन वर्षांचे होते. मोठीआई त्या घरात नवरी म्हणून आली तेव्हा तिची स्वतःची भातुकली संपली नव्हती. माप ओलांडून आत आली आणि कुणीतरी तिच्या कडेवर हा रडका दीर दिला. तिनं तो खाली ठेवला तो मॅट्रिक झाल्यावर. अण्णा जात्याजवळ तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचे, पीठ अंगावर उडायचं आणि सकाळी उठले की पांढरे दिसायचे. सात वर्षांत तिला भेटले नव्हते, कारण ती तात्यांच्या उंबऱ्याच्या आत होती.

"वहिनीचा आवाज," अण्णा म्हणाले.

"शेजारी ट्रान्झिस्टर हाय," बाई म्हणाली. "मागून आणते."

"माझ्या वहिनीला मी दुसऱ्याच्या ट्रान्झिस्टरवर ऐकायचं?" मग वर रुमालाकडं बघितलं. "हा आंधळा नसता तर." आणि अर्धी भाकरी ताटात टाकून कचेरीत गेले. अण्णांनी भाकरी टाकली हे आमच्या घरात ग्रहणासारखं होतं. पिढीतून एकदा.

तासाभरात मी आणि बाईनं रेडिओ खाली उतरवला. मी एकटीनं उतरवला असं मी बरीच वर्षं सांगत आले. आता गुडघे ऐकत नाहीत, त्यामुळं खोटंही पेलवत नाही. बाईनं दोन्ही हातांनी धरला होता आणि मी सूचना देत होते. सायकलच्या कॅरियरवर दोरीनं आवळला आणि शहागंजकडं निघालो. शहराचं नाव आता बदललं आहे, रस्तेही रुंद झालेत, पण औरंगपुऱ्याहून शहागंज तितकंच लांब आहे. फक्त माझी पावलं आखूड झालीत.

शहागंजात दोन दुकानांच्या मधल्या फटीत हनीफमामूंचं दुकान होतं. मामू दुकानात बसत नसत, ते दुकान अंगात घालत. चारी बाजूंना पोटं फाडलेले रेडिओ, मधोमध मामू, तोंडात पान आणि कानावर कथिलाची तार. आमचा रेडिओ बघून ते उठायला गेले आणि वरचे तीन रेडिओ हलले म्हणून परत बसले.

"ये तो चितेगाववाले बाबा का सेट है," ते म्हणाले. आजोबा दुरुस्तीला त्यांच्याकडंच येत असत.

"डोळा गेलाय मामू," मी म्हटलं.

"आँख का बाद में देखते. पैले पेट देखते."

पुठ्ठा काढला तर आत उंदरांनी संसार मांडलेला. स्पीकरचा कागद कुरतडून त्यांनी गादी केली होती. मी म्हणते उंदराची पिल्लं नऊ होती आणि एकानं माझ्याकडं बघून शिट्टी मारली; बाई म्हणायची घरटं रिकामं होतं. सुई ओढणारी दोरी कुजलेली. कंडेन्सर फुगलेले, मेण गळालेलं. आणि आवाज मोठा करणारा जो शेवटचा व्हॉल्व्ह, दिव्याच्या काचेसारखा, तो तडकलेला. मामूंनी तो उजेडात धरला. "बाकी सब होता. ये नंबर नै मिलता अब. ट्रान्झिस्टर आए, सब भंगार में गए."

संध्याकाळी अण्णा घरी आले. कपाटाकडं बघितलं, रिकाम्या चौकोनाकडं बघितलं. मी तयारीत होते, माझ्याकडं चार कारणं पाठ होती. अण्णांनी नुसतं स्टूल उचललं आणि कपाटाजवळून दूर, भिंतीला लावून ठेवलं.

पुढचे आठ दिवस मी कॉलेजात कमी आणि भंगारात जास्त होते. छावणीच्या आठवडी बाजारात जुन्या कुलपांच्या आणि सायकलच्या चेनींच्या ढिगात हात घालून नंबर वाचले. नखांत गंज बसला. व्हॉल्व्ह मिळाले, पण आमचा नंबर नाही. शेवटी मामूंना आठवलं की फर्दापूरला एका लॉजवाल्याकडं हाच सेट होता, लेणी बघायला आलेल्या गोऱ्या पाहुण्यांना दाखवायला ठेवलेला. मी आणि बाई धपाटे बांधून एसटीनं फर्दापूरला गेलो.

सेट होता. मागच्या अंगणात, पुठ्ठा निघालेला, आणि आत कोंबडी बसलेली.

"न्या की," लॉजवाला म्हणाला. "पर आंडी उबायला ठिवलीत. पंधरा दिसानं या."

"पंधरा दिवस नाहीत आमच्याकडं," मी म्हटलं. "हात घालून नुसता एक व्हॉल्व्ह काढते."

"कोंबडी लई खाष्ट हाय."

"मी पण हाय," मी म्हटलं.

बाईनं पुढून धपाट्याचा तुकडा दाखवला आणि मी मागून हात घातला. कोंबडीला धपाटं आवडलं नाही. माझ्या मनगटावर तिची खूण अजून आहे. माझा मुलगा म्हणतो ती कुकरच्या वाफेची आहे, पण तो तेव्हा जन्मलाही नव्हता. व्हॉल्व्ह निघाला. नंबर तोच. कोंबडीनं त्याची एवढी निगा राखली होती की तो शहागंजात मामूंच्या हातात दिला तेव्हा मामू म्हणाले, "ये तो गरम है अभी."

स्पीकरला मामूंनी पतंगाचा कागद चिकटवला, जांभळा. सुईच्या दोरीसाठी मोच्याकडून मेण लावलेला दोरा आणला. एका मेलेल्या रेडिओतून दोन कंडेन्सर काढले, दुसऱ्यातून तीन. काम चाललं की ते बोलत नसत. कथील वितळल्याचा वास, बाहेर टांग्याची घंटा आणि मधूनच "हौ" असं स्वतःशीच. गुरुवारी दुपारी त्यांनी वायर खोचली. आधी काहीच नाही. मग आतल्या काचा लालसर झाल्या, गूं असा आवाज सुरू झाला आणि मग एका गंभीर माणसानं सात वर्षांनंतरचं पहिलं वाक्य उच्चारलं: करडईवरील मावा या किडीचा बंदोबस्त वेळेवर करावा.

मी काचेकडं बघत होते. डोळ्याच्या जागी काळं भोक होतं.

"मामू, डोळा नाही ना त्याला?"

"आँख का क्या काम?" मामू म्हणाले. "सुई बराबर बैठी क्या नै, इत्ता दिखाती बस. बोलना उसका काम नै. आँख निकाल के फेंको, सौ बरस बोलेगा." मग पान गालात सरकवून माझ्याकडं बघितलं. "तेरे अब्बा कभी लगा के नै देखे?"

मी खाली बसले. समोर तो माणूस मावा मारत होता आणि माझ्या डोक्यात सात वर्षांचे रविवार एकेक करून येत होते. स्टुलावर चढलेले अण्णा, काडीला कापूस. एकदा, फक्त एकदा वायर खोचली असती तर.

आनंद व्हायला हवा होता, पण मला भीती वाटली. हा रेडिओ मी आज घरी नेला तर काय होईल, ते मला दिसत होतं. रविवारी साडेबाराला अण्णा तो लावतील, मोठीआईचा आवाज ऐकतील, बाईकडं पाठ करून डोळे पुसतील, रुमाल परत घालतील. आणि चितेगावला नेणारा पैठण रस्ता जिथं होता तिथंच राहील. चितेगाव एसटीनं तासाच्या आत येतं. आमच्या घरातून ते विलायतेपेक्षा लांब होतं.

"मामू, हे अण्णांना सांगू नका."

"मैं कायकू बोलूँ?" मामू म्हणाले. "जो पूछा, उसीकू बोलता मैं." या वाक्यात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मी स्वतःला शहरातली सगळ्यात बेरकी पोरगी समजत होते.

रात्रीच्या जेवणाआधी मी अण्णांना सांगितलं. "सगळं झालं. फक्त डोळा राहिला. मामू म्हणाले, डोळ्याशिवाय उं का चूं करणार नाही. आणि ह्या नंबरचा डोळा आता साऱ्या हिंदुस्थानात एकच उरलाय."

"कुठं?"

"चितेगावात."

बाईच्या हातून वाटी पडली. तिला खरं माहीत होतं, ती दुकानात माझ्या शेजारीच उभी होती. तिनं वाटी उचलली, पदरानं पुसली आणि म्हणाली, "मामू म्हणाले खरं तसं." तेवीस वर्षांच्या संसारात बाई नवऱ्याशी एकदा खोटं बोलली, ते हे.

अण्णांचा शुक्रवार तसाच गेला. शनिवारी कचेरीतून येताना गुलमंडीवरून इमरती घेऊन आले, पुडा सोडलाच नाही, फडताळात ठेवून दिला. रविवारी सकाळी अंघोळ करून त्यांनी कोट घातला. आमच्या घरात कोट लग्नाला नाहीतर कोर्टाला निघायचा.

"शके," मला म्हणाले, "गोधडी काढ. त्याला गुंडाळायचाय."

एसटीत रेडिओ आम्ही दोघांच्या मध्ये बसवला. बाईनं यायला नकार दिला. भावाभावांत बायकांनी पडू नये म्हणाली, पण मला वाटतं तिला आपल्या चेहऱ्याचा भरवसा नव्हता. कंडक्टरनं गोधडीला बोट लावलं.

"काय हाय ह्यात? मानूस?"

"रेडिओ," अण्णा म्हणाले.

"मंग लावा की, वाट सरंल."

"आंधळा आहे," अण्णा म्हणाले, आणि कंडक्टर तिकिटं फाडत पुढं गेला.

अण्णा सारी वाट ओठ हलवत होते. काय बोलायचं ते जुळवत असावेत. मी वेगळंच जुळवत होते. तात्यांनी डोळा फेकून दिला असला तर? नाही म्हणाले तर? कोट घातलेला माणूस भावाच्या दारातून हात हलवत परत निघाला, तर ते माझ्या खोट्यामुळं होणार होतं, आणि त्याला मावा मारायचं औषध नव्हतं.

तात्या ओसरीवर दावं वळत बसले होते. केस पिकले होते. आम्हाला बघून हात थांबले. अण्णांनी गोधडी खाली ठेवली. एसटीत जुळवलेलं सगळं बहुतेक पैठण रस्त्यावर सांडलं होतं.

"आलास," तात्या म्हणाले.

"आलो."

"ही शकी का? लई उंच झाली."

"झाली." अण्णा थांबले. "तात्या, डोळा पाहिजे होता. वहिनीचं ऐकायला."

तात्यांनी भावाकडं बघितलं, गोधडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. उठून आत गेले. आत जोंधळ्याच्या कणगीत हात फिरवल्याचा आवाज आला, पावसासारखा. बराच वेळ. पितळी डबा घेऊन बाहेर आले. डब्यात उपरण्याचा तुकडा, तुकड्यात कापूस, कापसात डोळा. सात वर्षं कुणी सोनंसुद्धा असं जपत नाही.

पण तो पांढरा झाला होता. काचेच्या आत दुधासारखी साय. कुठूनतरी हवा शिरली की हे व्हॉल्व्ह असे होतात, हे मला मामूंकडून नंतर कळलं. त्या वेळी तात्या एवढंच म्हणाले, "मोतीबिंदू झाला की रं ह्याला."

मोठीआई दारात येऊन उभी राहिली होती. तिनं अण्णांकडं बघितलं, आणि अण्णांनी तिच्याकडं बघायचं टाळून रेडिओची दोरी सोडायला घेतली. जुन्या जागी, देवळीशेजारी, तो बसवला. तात्यांनीच मागून हात घालून डोळा जागेवर लावला. सात वर्षांनी अंधारात हात घालूनही त्यांना जागा बरोबर सापडली. साडेबाराला पाच मिनिटं होती. वायर खोचली. सगळे त्या पांढऱ्या डोळ्याकडं बघत बसलो. आजोबांनी शिकवलं होतं तसं, गप्प.

डोळा उजळला नाही.

अण्णांचे खांदे खाली आले. ते वायर काढायला वाकले, आणि रेडिओ गूं करून बोलायला लागला.

अण्णा वाकलेलेच राहिले. आत कुणी निवेदिका कार्यक्रमाचं नाव सांगत होती. "डोळा बंद आहे," अण्णा म्हणाले. "मग हा बोलतोय कसा?"

"डोळ्याचा काय समंध?" तात्या म्हणाले. "त्यो नुसता शोभंचा. वाटणीच्या आदल्या दिशी मी शहागंजच्या मामूकडं गेलतो. म्हनलं, उद्या न जानो धाकला ह्योच उचलंल. कायतरी माझ्यापाशी ऱ्हायला पायजे ह्यातलं, पर रेडिओ बंद नाय पडला पायजे. काय काढू? मामू म्हनला, आँख निकालो. बोलंल तो." त्यांनी दावं हातात घेतलं आणि परत ठेवलं. "मला वाटायचं, तू रोज लावतोस तिकडं."

"मी एकदाही लावला नाही."

"सात वर्सं?"

अण्णांनी वायरीकडं नेलेला हात मागं घेतला.

"मामूनं सांगितलं नाय व्हय तुम्हाला?" तात्यांनी विचारलं, आणि त्या ओसरीवरचे सगळे डोळे, एक पांढरा धरून, माझ्याकडं वळले. मी रेडिओच्या बटणावरची धूळ बघायला लागले. जो पूछा, उसीकू बोलता. मामूंनी तात्यांना सांगितलेलं सात वर्षं पोटात ठेवलं होतं आणि मी सांगितलेलं तीन दिवस. मी सगळ्यात बेरकी नव्हते. तिसऱ्या नंबरावर होते, बाईला धरलं तर चौथ्या.

"पोरगी उन्हातून आलीय, आधी पानी द्या तिला," मोठीआई म्हणाली. आणि त्याच क्षणी तिचाच आवाज रेडिओतूनही आला, जात्याच्या घरघरीवर बसलेला, बारीक, थोडा थरथरता. जांभळ्या पतंगाच्या कागदातून येत होता म्हणून असेल, पण तो लांबून नाही, आतल्या खोलीतून आल्यासारखा वाटत होता.

पहाटंच्या दळणाला, पीठ सांडं पायलीभर
धाकल्या दिराजीची, वाट बघं माझं घर

अण्णा कोटासकट जमिनीवर बसले. इतके खाली की डोकं मोठीआईच्या गुडघ्याला लागलं. ती उभीच होती. तिनं त्यांच्या टाळूवरून हात फिरवला, पीठ झटकावं तसा.

"मी पंधरा म्हनल्या त्यांना," ती आम्हा सगळ्यांना उद्देशून म्हणाली. "हीच कामून ठिवली, त्यांचं त्यांना ठावं." हे बोलताना तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मी पाचव्या नंबरावर गेले.

तात्यांनी काचेवरून पंजा फिरवला. आवाज ऐकत राहिले. ओव्या संपल्या, घरघर थांबली, कुणीतरी खतांबद्दल सांगू लागलं, तरी कुणी बटणाला हात लावला नाही. मग जेवणं झाली. भाकरी, वांग्याची भाजी, तिच्यावर कच्च्या तेलाची धार, आणि पुड्यातली इमरती, जी रात्रभर फडताळात राहून मऊ पडली होती. अण्णांनी तीन भाकरी खाल्ल्या. मी सहा सांगते, पण लिहिताना माणसानं थोडं आवरतं घ्यावं.

चारच्या एसटीला निघायचं झालं तेव्हा मी गोधडी उलगडली. अण्णा म्हणाले, "राहू दे. जड आहे. येताना खांदा भरून आला. इथंच राहू दे. मी येत जाईन ऐकायला."

तात्यांनी दावं उचललं आणि परत वळायला बसले. पण उलटं वळत होते, ते मला दिसत होतं.

अण्णा रेडिओमागं गेले. पुठ्ठ्याच्या फटीतून हात आत घातला, चाचपडले, आणि तो पांढरा डोळा बाहेर काढला. खिशातला रुमाल सोडून त्यात गुंडाळला आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. रेडिओ बोलतच होता.

"माझा तुकडा मी घेतो," ते म्हणाले.